वाचकांचे प्रश्न : जिवंत पेशीतला चमकणारा ठिपका आणि आरएनए

मागील अंकात मेसेंजर आरएनएच्या, म्हणजे जनुकाचा संदेश वाहणाऱ्या रेणूच्या, केंद्रकापासून प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमपर्यंतच्या प्रवासावर लेख प्रसिद्ध झाला होता आणि त्यासोबत काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके असलेले सूक्ष्मदर्शकातून घेतलेले छायाचित्र दिले होते. लेखापेक्षा त्या छायाचित्राविषयीच अधिक पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आरएनएला स्वतःचा रंग नसतो, मग छायाचित्रात तो हिरवा कसा दिसतो? पेशी जिवंत असताना, काहीही न जोडता, तो थेट पाहता येणार नाही का?

उत्तर : छायाचित्रातला हिरवा रंग आरएनएचा नसून त्याला चिकटलेल्या प्रथिनाचा आहे. पुढची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीशीच येऊन ठेपतात, म्हणून ती आरंभीच सांगितलेली बरी. आरएनए दृश्य प्रकाश शोषत नाही. तो साधारण २६० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतो आणि तसा प्रकाश जिवंत पेशीवर सोडला तर तिच्या डीएनएला इजा होते. ही इजा पत्करली तरी अडचण संपत नाही, कारण पेशीतले सगळे आरएनए त्याच चार प्रकारच्या दुव्यांचे, म्हणजे न्यूक्लिओटाइडांचे, बनलेले असल्यामुळे प्रकाश शोषण्याच्या बाबतीत त्यांच्यात फरक करता येत नाही. सस्तन प्राण्याच्या एका पेशीत सुमारे १० ते ३० पिकोग्रॅम आरएनए असतो. त्यातला बहुतेक भाग रायबोसोमच्या घडणीत गुंतलेला असतो आणि मेसेंजर आरएनएचा वाटा जेमतेम १ ते ५ टक्के असतो. त्या वाट्यातही हजारो जनुकांचे संदेश एकत्र नांदत असतात आणि आपल्याला हव्या असलेल्या जनुकाचे रेणू कधी कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

सरसकट सर्व आरएनए उजळवणारी रंगद्रव्ये उपलब्ध आहेत. मात्र त्यांनी पेशी रंगवली की रायबोसोम जिथे घडतात ती केंद्रकिका लख्ख दिसते, पेशीद्रव सर्वत्र सारखेच धूसर दिसते, आणि ज्या एका संदेशाचा माग काढायचा तो त्या धुक्यात हरवतो. तेव्हा नेमक्या त्याच आरएनएवर खूण करणे, आणि तीही पेशी जिवंत असताना, एवढाच मार्ग उरतो.

प्रश्न : ही खूण प्रत्यक्षात कशी केली जाते? पेशीच्या आत शिरून एका विशिष्ट रेणूला रंग कसा लावतात?

उत्तर : बाहेरून काही लावावे लागत नाही, खूण पेशीकडूनच तयार करून घेतली जाते. सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत एका विषाणूकडून उसनी घेतलेली आहे. ई. कोलाय जीवाणूला ग्रासणारा एमएस२ नावाचा विषाणू आहे. त्याच्या कवचाचे प्रथिन विषाणूच्या स्वतःच्या आरएनएमधील एका छोट्या, हेअरपिनसारख्या दुमडलेल्या भागाला अतिशय घट्ट आणि अतिशय निवडक रीतीने धरते. हा भाग अवघ्या १९ न्यूक्लिओटाइडांचा आहे. संशोधक पेशीत दोन बदल करतात. ज्या आरएनएचा माग घ्यायचा त्याच्या जनुकात अशा हेअरपिनांची रांग बसवतात, शक्यतो प्रथिनाचा संदेश संपल्यानंतरच्या भागात, म्हणजे मूळ प्रथिन जसेच्या तसे तयार होत राहते. दुसरीकडे, कवचाचे ते प्रथिन हिरव्या फ्लुओरेसंट प्रथिनाला, म्हणजे जीएफपीला, जोडून पेशीत बनवून घेतात. आरएनए तयार होताच चमकणारी प्रथिने त्या हेअरपिनांवर येऊन बसतात.

जीएफपीची कथा अनेक वाचकांना ठाऊक असेल. एका जेलीफिशमधून ते ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये वेगळे केले, ते दुसऱ्या सजीवांतही चमकते हे मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये दाखवले आणि रॉजर त्सिएन यांनी त्याला अनेक रंग दिले. या तिघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आरएनएसाठी त्याचा वापर रॉबर्ट सिंगर यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेने १९९८ मध्ये केला. त्यासाठी त्यांनी निवडलेले उदाहरण आजही शिकवण्याजोगे आहे. यीस्टच्या पेशीला कळी फुटते तेव्हा एएसएच१ या जनुकाचा मेसेंजर आरएनए मातृपेशीतून कळीच्या टोकाशी नेला जातो. तेथे त्यापासून बनलेले प्रथिन कन्यापेशीला आपला लैंगिक प्रकार बदलू देत नाही. चमकणारा कण मातृपेशीतून निघून सेकंदाला सुमारे २०० ते ४४० नॅनोमीटर वेगाने कळीकडे जाताना त्या प्रयोगात दिसला. यीस्टची पेशी सुमारे ५ मायक्रोमीटर व्यासाची असते हे लक्षात घेतले तर हा प्रवास अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर आटोपतो. ज्या यीस्टमध्ये मायोसिन जातीचे वाहक प्रथिन बिघडवलेले होते, त्यांत कण कळीत पोहोचला नाही. कण तरंगत जात नसून कोणीतरी त्याला ओढून नेत आहे, हे यावरून सिद्ध झाले.

सुरुवातीच्या प्रयोगात हेअरपिनांची संख्या कमी होती. पुढे २४ ही संख्या रूढ झाली. प्रत्येक हेअरपिनवर कवचाच्या प्रथिनाची जोडी बसते, त्यामुळे सर्व जागा भरल्या तर एका आरएनएवर ४८ जीएफपी गोळा होतात. इतकी गर्दी करण्याचे कारण असे की, आरएनएवर न बसलेली प्रथिनेही तेवढीच चमकत असतात. ती पेशीभर पसरलेली असतात, तर ही ४८ एका बिंदूत दाटलेली असतात, आणि या दाटीमुळेच ठिपका पार्श्वभूमीतून वर उठून दिसतो. आणखी एक युक्ती म्हणजे त्या प्रथिनाला केंद्रकात परतण्याचा संकेत जोडणे. मग मोकळी प्रथिने केंद्रकात जमा होतात आणि पेशीद्रव काळे राहते. आपण छापलेल्या छायाचित्रात मधोमध जो मोठा हिरवट धूसर गोल आहे तो म्हणजे ही जमा झालेली मोकळी प्रथिने. त्या गोलातले एक-दोन ठळक बिंदू म्हणजे जनुकाची जागा, जिथे अर्धवट तयार झालेले अनेक आरएनए एकाच वेळी लटकलेले असतात. गोलाबाहेरचे बारीक ठिपके हे सुटे झालेले संदेश. चलच्चित्र पाहिले तर त्यांतले बहुतेक जागच्या जागी थरथरतात किंवा दिशाहीन भटकतात, आणि क्वचित एखादा सरळ रेषेत धावत सुटतो.

प्रश्न : ठिपक्याचा आकार म्हणजे आरएनएचा आकार समजावा का?

उत्तर : समजू नये. प्रकाशाच्या विवर्तनामुळे कितीही लहान वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकात सुमारे २०० ते २५० नॅनोमीटरच्या ठिपक्याएवढीच दिसते. ठिपक्याचे केंद्र मात्र गणिताने काही दशक नॅनोमीटरपर्यंत अचूक ठरवता येते. त्यामुळे आरएनए कुठे आहे ते चांगले कळते, तो कसा वळलेला आहे हे कळत नाही.

प्रश्न : एवढी प्रथिने लादल्यावर मूळ आरएनएच्या वागण्यात फरक पडत नाही का? मग आपण जे पाहतो ते नैसर्गिक आहे असे कशावरून म्हणायचे?

उत्तर : आलेल्या प्रश्नांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे असे आम्हाला वाटते, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी वजनाचा हिशोब करू. आरएनएमधील एका न्यूक्लिओटाइडचे वजन सरासरी ३३० डाल्टन (रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) धरले, तर २,००० न्यूक्लिओटाइडांचा मेसेंजर आरएनए साधारण साडेसहा लाख डाल्टनचा होतो. जीएफपी २७ हजार डाल्टनचे आणि कवचाचे प्रथिन सुमारे १४ हजारांचे, म्हणजे जोडलेले एक प्रथिन ४१ हजारांचे. अशी ४८ प्रथिने बसली की भार जवळपास २० लाख डाल्टन होतो, म्हणजे प्रवाशापेक्षा त्याचे सामान तिप्पट जड! शिवाय हेअरपिनांच्या रांगेमुळे आरएनएची लांबीही हजारभर न्यूक्लिओटाइडांनी वाढते. एवढे ऐकून कोणीही पद्धतीवरचा विश्वास गमावेल. परंतु मानवी रायबोसोम एकटा ४० लाख डाल्टनहून जड असतो आणि वाचल्या जात असलेल्या मेसेंजर आरएनएवर असे अनेक रायबोसोम एकाच वेळी चढलेले असतात. भार वाहण्याची त्याला सवय असते. त्यामुळे निव्वळ वजनामुळे आरएनए मंदावतो ही भीती बऱ्याच अंशी निराधार ठरली आहे.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली, आणि ती वजनाची नसून घट्ट पकडीची होती. मेसेंजर आरएनएचे आयुष्य संपले की एक्सआरएन१ नावाचे विकर त्याला एका टोकापासून, म्हणजे ५-प्राइम टोकापासून, कुरतडत जाते. हेअरपिनांची रांग असते दुसऱ्या टोकाजवळ. रॉय पार्कर यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये असे दाखवले की, यीस्टमध्ये हे विकर कुरतडत हेअरपिनांपर्यंत येते आणि त्यांवर घट्ट बसलेल्या प्रथिनांशी अडते. मूळ संदेश नाहीसा झालेला असतो, हेअरपिनांचा तुकडा मात्र चमकणाऱ्या प्रथिनांसह पेशीत शिल्लक राहतो. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला तो जिवंत संदेशच वाटतो. म्हणजे काही प्रयोगांत जे आरएनए पेशीच्या एखाद्या कोपऱ्यात साठलेले दिसले, ते आरएनए नसून त्यांचे अवशेष असण्याची शक्यता उभी राहिली. यीस्टमध्ये बऱ्याच मेसेंजर आरएनएंचे अर्धायुष्य काही मिनिटांचेच असते, त्यामुळे हा परिणाम तेथे अधिक जाणवतो. सिंगर यांच्या गटाने २०१८ मध्ये हेअरपिनांची नवी रांग सादर केली. तिची पकड जाणूनबुजून थोडी सैल ठेवली आहे, म्हणजे विकराला वाट मिळते आणि आरएनए वेळेवर मोडतो.

असा घोटाळा पकडायचा कसा, तर पेशी मारून. प्रयोगानंतर पेशी रसायनाने स्थिर करतात आणि पूरक क्रमाचे छोटे डीएनए तुकडे, ज्यांवर फ्लुओरेसंट रंगद्रव्य जोडलेले असते, आत सोडतात. अर्जुन राज आणि संजय त्यागी यांच्या गटाने २००८ मध्ये प्रचारात आणलेल्या रीतीत प्रत्येकी २० न्यूक्लिओटाइडांचे सुमारे ४८ तुकडे एका आरएनएवर ओळीने बसतात. आता मूळ संदेशासाठी लाल आणि हेअरपिनांसाठी हिरवे तुकडे वापरले, तर अखंड आरएनए दोन्ही रंगांत एकाच जागी दिसतो आणि अवशेष नुसताच हिरवा. ज्या शोधनिबंधात जिवंत पेशीच्या चलच्चित्रासोबत ही पडताळणी नसते, तो आम्ही जरा हात राखूनच वाचतो. स्थिर पेशीतल्या पद्धतीत आरएनएला कोणतीही खूण आधी चिकटवलेली नसते, म्हणून संख्येच्या आणि जागेच्या बाबतीत तीच अधिक विश्वासाची आहे. तिला फक्त काळ दिसत नाही. जिवंत पद्धत काळ दाखवते, आणि दोन्ही एकमेकींची साक्ष काढण्यासाठी असतात.

एक गंमत येथे सांगण्याजोगी आहे. ई. कोलायमध्ये इडो गोल्डिंग आणि एडवर्ड कॉक्स यांनी ९६ हेअरपिनांची रांग वापरली होती. त्यात आरएनए प्रथिनांनी इतका झाकला गेला की तो मोडेचना. दुसऱ्या कोणी हा प्रयोग फसला म्हटले असते. यांनी हेरले की न मोडणारा आरएनए नवे रेणू मोजण्यासाठी सोयीचा आहे, कारण ठिपक्याची तेजस्विता वाढली ती केवळ नव्या निर्मितीमुळेच. त्यावरून २००५ मध्ये त्यांनी दाखवले की जनुक एकसारख्या गतीने आरएनए तयार करत नाही. ते काही काळ झपाट्याने करते, मग बराच वेळ गप्प बसते, आणि पुन्हा सुरू होते.

प्रश्न : पालक, ब्रोकोली, मका, आंबा अशी नावे असलेल्या आरएनए-खुणा वाचनात आल्या. त्या कशा काम करतात? त्यांत प्रथिन लागत नाही हे खरे का?

उत्तर : खरे आहे. जीएफपीचा रंग त्याच्या तीन अमिनो आम्लांपासून प्रथिनाच्या पोटात तयार होणाऱ्या एका छोट्या रासायनिक गटामुळे येतो. तसाच रेणू प्रयोगशाळेत बनवून पाण्यात विरघळवला तर तो चमकत नाही. प्रथिनाच्या आत तो आवळून धरलेला असतो, तर पाण्यात तो वळवळतो आणि शोषलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी हालचालीत वाया घालवतो. सॅमी जाफ्री यांच्या गटाने असा विचार केला की, त्याला आवळून धरण्याचे काम प्रथिनाऐवजी आरएनएच का करणार नाही? अब्जावधी यादृच्छिक आरएनए क्रमांतून हव्या रेणूला धरणारा क्रम निवडून काढण्याची पद्धत १९९० पासून उपलब्ध होती. तिचा उपयोग करून त्यांनी २०११ मध्ये स्पिनॅच (पालक) ही खूण तयार केली. डीएफएचबीआय नावाचे रंगद्रव्य पेशीबाहेरच्या माध्यमात मिसळतात, ते पेशीत आपोआप शिरते, एकटे असताना अंधारेच राहते आणि स्पिनॅचच्या खोबणीत बसले की हिरवे चमकते. मोकळे रंगद्रव्य चमकत नसल्यामुळे पार्श्वभूमी स्वच्छ राहते, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

याआधी, २००३ मध्ये, मॅलाकाइट ग्रीनला धरणारा आरएनए अशाच कामी लावला गेला होता, पण ते रंगद्रव्य पेशीला विषारी ठरते. स्पिनॅचनंतर ब्रोकोली आणि मँगो २०१४ मध्ये, कॉर्न २०१७ मध्ये आणि पेपर (मिरची) २०१९ मध्ये आले. मँगो वेगळ्या जातीचे, थायाझोल ऑरेंजवर आधारित रंगद्रव्य धरते. पेपरसाठी निरनिराळ्या रंगांची रंगद्रव्ये मिळतात आणि तो बराच तेजस्वी आहे.

यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. आरएनएची घडी नीट पडली तरच खूण उजळते आणि पेशीतील तापमान व मॅग्नेशियमचे प्रमाण प्रत्येक घडीला मानवते असे नाही. स्पिनॅचचे अनेक रेणू पेशीत घडी न पडता तसेच राहत असत. ब्रोकोली निवडताना निवडीची शेवटची पायरी जिवंत जीवाणूंमध्येच घेतल्यामुळे ती या बाबतीत सुधारली. दुसरी मर्यादा तेजाची. एका खुणेवर एकच रंगद्रव्य बसते. स्पिनॅचचे पहिले प्रात्यक्षिक रायबोसोममधील ५एस आरएनएवर केले गेले, तो पेशीत विपुल असतो म्हणूनच. एकेक मेसेंजर आरएनए पाहायचा असेल तर येथेही खुणांची रांग लावावी लागते, आणि मग लांबी वाढण्याची जुनी तक्रार परत येते.

प्रश्न : आम्ही पदव्युत्तर विद्यार्थी आहोत. आमच्या विभागात जीएफपीचे फिल्टर असलेला साधा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक आहे. लेझर किंवा महागडा कॅमेरा नाही. जीवाणूंमध्ये असा काही प्रयोग करता येईल का?

उत्तर : जरूर करता येईल, फक्त अपेक्षा बेताची ठेवा. ब्रोकोली ४९ न्यूक्लिओटाइडांची लहान खूण आहे. डीएफएचबीआय-१टी या रंगद्रव्यासोबत ती ४७२ नॅनोमीटरला प्रकाश शोषते आणि ५०७ नॅनोमीटरला देते, म्हणजे आपल्या जीएफपीच्या फिल्टरांत ती बसते. टी७ प्रवर्तकाखाली (जनुक जोराने चालू करणारा क्रम) प्लाझ्मिडवरून (जीवाणूतील छोटा वर्तुळाकार डीएनए) ती भरपूर प्रमाणात बनवून घ्या. ई. कोलाय जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब असतो, त्यामुळे आरएनए पेशीत नेमका कुठे आहे हे पाहण्याच्या मागे लागू नका. पेशी किती उजळली आणि किती वेळात, हे मोजणे आपल्या साधनांनी सहज शक्य आहे.

नियंत्रण प्रयोगांत काटकसर करू नका. एक, खूण नसलेले जीवाणू आणि रंगद्रव्य. दोन, खूण असलेले जीवाणू, रंगद्रव्याविना. तीन, खुणेचा क्रम बिघडवलेले जीवाणू आणि रंगद्रव्य. हा तिसरा प्रयोग बहुतेक जण टाळतात, पण रंगद्रव्य पेशीतल्या दुसऱ्याच कशाला तरी चिकटून चमकत नाही ना, हे त्यावरूनच कळते. जीवाणू वाढवण्याचे नेहमीचे एलबी माध्यम स्वतःच निळ्या प्रकाशात हिरवट चमकते. म्हणून पाहण्याआधी पेशी धुऊन किमान घटकांच्या माध्यमात घ्या आणि त्याच माध्यमाच्या ॲगरोजच्या चकतीवर ठेवा.

प्रतिमा काही क्षणांत मंद होत चालली तर घाबरून लगेच नवे रंगद्रव्य घालू नका. प्रकाशामुळे या रंगद्रव्याची भूमिती बदलते आणि ते खोबणीतून सुटते, पण आरएनए शाबूत असतो. दिवा बंद करून थोडे थांबले की माध्यमातला ताजा रेणू त्याची जागा घेतो आणि चमक परत येते. म्हणून अखंड प्रकाश न देता मध्ये अंधाराचे अंतर ठेवून छायाचित्रे घ्यावीत. जीएफपी विझते ते बहुधा कायमचे. या बाबतीत ब्रोकोलीची बाजू वरचढ आहे.

प्रश्न : जनुकात काहीही बदल न करता, पेशीतला मूळ आरएनए आहे तसाच पाहण्याची सोय नाही का? क्रिस्परने हे होते असे ऐकले.

उत्तर : सोय आहे, अर्धीमुर्धी. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये मांडलेले रेण्वीय दीपक (मॉलिक्युलर बीकन) हा त्यातला जुना मार्ग. हेअरपिनसारख्या घडीच्या एका टोकाला रंगद्रव्य, दुसऱ्या टोकाला त्याला विझवणारा गट, आणि पूरक आरएनए भेटला की घडी उघडून दिवा लागतो. हे दीपक पेशीत बाहेरून सोडावे लागतात आणि त्यांतले बरेचसे जाऊन केंद्रकात अडकतात. क्रिस्पर म्हणजे मार्गदर्शक क्रमाच्या मदतीने ठराविक जागा शोधून कापणारी जीवाणूंची यंत्रणा. तिच्या मार्गात कापण्याची क्षमता काढून टाकलेले कॅस९ (२०१६) किंवा कॅस१३ (२०१७ पासून) हे तिचे प्रथिन फ्लुओरेसंट प्रथिनासह आरएनएवर बसवतात. मार्गदर्शक क्रम बदलला की लक्ष्य बदलते, ही त्याची खुबी आहे. मात्र लक्ष्यावर न बसलेले कॅसही चमकत राहतात आणि एका आरएनएवर मोजकेच कॅस बसतात, त्यामुळे विपुल असलेले किंवा पेशीत एका जागी गोळा होणारे आरएनएच त्याने चांगले दिसतात.

प्रश्न : आरएनए दिसला म्हणजे त्यापासून प्रथिन तयार होत आहे असे धरता येईल का?

उत्तर : नाही. परंतु हाच प्रश्न विचारणारे प्रयोग या क्षेत्रातले सर्वांत देखणे आहेत. पीपी७ हा दुसरा विषाणू एमएस२ सारखीच पण त्याच्याशी न मिसळणारी जोडी पुरवतो, म्हणून एका आरएनएवर दोन रंग लावता येतात. २०१५ मध्ये जेफ्री चाओ आणि सिंगर यांच्या गटांनी पीपी७ च्या खुणा प्रथिनाचा संदेश असलेल्या भागात आणि एमएस२ च्या खुणा त्यापलीकडे ठेवल्या. पहिला रायबोसोम संदेश वाचत जातो तेव्हा वाटेतली पीपी७ प्रथिने खाली पाडतो. त्यामुळे एकदाही न वाचला गेलेला आरएनए दोन रंगांत आणि वाचला गेलेला एका रंगात दिसतो. केंद्रकातले ठिपके दुरंगी आणि पेशीद्रवातले बहुतेक एकरंगी, असे चित्र मिळाले. म्हणजे बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात त्यांचे वाचन सुरू झाले होते.

२०१६ मध्ये सनटॅग या पद्धतीने आणखी पुढे जाता आले. नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनाच्या सुरुवातीलाच प्रतिपिंडासारखे फ्लुओरेसंट तुकडे ओढून घेणाऱ्या खुणांची रांग ठेवतात. प्रथिन अजून रायबोसोमबाहेर डोके काढत असतानाच ते चमकू लागते आणि आरएनएच्या लाल ठिपक्यावर हिरवा ठिपका उगवतो. त्यावरून एकेका आरएनएवर रायबोसोम किती वेगाने चालतात हे मोजता आले. सेकंदाला साधारण ३ ते ५ अमिनो आम्ले, असा तो वेग निघाला. एकाच जनुकाचे, शेजारी शेजारी असलेले दोन आरएनए, एकाचे वाचन जोरात चाललेले आणि दुसरा स्वस्थ, असेही दिसले. पेशींचा चेंदा करून सरासरी काढणाऱ्या पद्धतींना हे कधीच दिसले नसते.

प्रश्न : एमआरएनए लशीतील आरएनएला रंग लावून तो पेशीत कुठे जातो हे पाहता येईल का?

उत्तर : तसे प्रयोग होतात, आणि त्यांची चित्रे वाचताना सर्वाधिक सावध राहावे लागते. परीक्षानळीत आरएनए बनवताना काही युरिडीनच्या (आरएनएच्या चार घटकांपैकी एक) जागी सीवाय५ सारखे लाल रंगद्रव्य जोडलेले घटक घालतात. ते जास्त झाले तर रायबोसोमला तो आरएनए नीट वाचता येत नाही. मेदकणांतून पेशीत गेलेला आरएनए आधी एंडोसोम या पिशव्यांत जातो आणि त्यातला बहुतेक तेथेच अडकून नष्ट होतो. छोट्या, जनुक गप्प करणाऱ्या आरएनएवर २०१३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात मेदकणांतून दिलेल्या आरएनएपैकी केवळ १ ते २ टक्केच पिशवीतून पेशीद्रवात सुटतो असे आढळले होते. म्हणजे पेशीत दिसणारे लखलखीत लाल ठिपके हे बव्हंशी अयशस्वी आरएनएचे असतात! शिवाय आरएनए मोडला तरी रंगद्रव्य मोडत नाही, ते एखाद्या तुकड्याला धरून चमकतच राहते. अशा प्रयोगात रंगीत आरएनए जीएफपीचा संदेश वाहणारा निवडावा. मग लाल रंग पोहोचल्याचे सांगतो आणि काही तासांनी येणारा हिरवा रंग वाचला गेल्याचे. दोन्हींचे प्रमाण पेशीपेशीत किती कमी जुळते, हे पाहून लाल चित्रांवरचा भरवसा आपोआप बेताचा होतो.

प्रश्न : असे चित्रीकरण किती वेळ चालू शकते? आणि ते फक्त काचेवरच्या पेशींतच होते का, की अखंड प्राण्यातही?

उत्तर : वेळेची मर्यादा प्रकाशच घालतो. एक फ्लुओरेसंट प्रथिन फार तर लाखभर फोटॉन देऊन विझते आणि तीव्र प्रकाशाने पेशीलाही इजा होते. म्हणून सेकंदाला वीस चित्रे घेऊन एखादे मिनिट पाहायचे की मिनिटाला एक घेऊन दिवसभर, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेतील जेनेलिया संशोधन केंद्रात ल्यूक लाव्हिस यांनी विकसित केलेली जेएफ मालिकेतील रंगद्रव्ये जीएफपीपेक्षा तेजस्वी आणि टिकाऊ आहेत. कवचाच्या प्रथिनाला जीएफपीऐवजी ती धरणारे प्रथिन जोडले की ही मर्यादा बरीच सैल होते.

अखंड सजीवांपैकी फळमाशीचा भ्रूण सर्वांत सोयीचा आहे, कारण सुरुवातीच्या काळात त्याची केंद्रके पृष्ठभागालगत असतात. त्यात कोणत्या केंद्रकात कोणते जनुक केव्हा सुरू झाले, हे २०१३ पासून थेट पाहिले जात आहे. उंदरात काम अवघड होते, कारण ऊतींमध्ये प्रकाश विखुरतो. तरी बीटा-ॲक्टिन या पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या प्रथिनाच्या मूळ जनुकातच २४ हेअरपिन बसवलेला उंदीर २०११ मध्ये तयार झाला. त्याच्या चेतापेशींमधील आरएनएची ये-जा २०१४ मध्ये चित्रित झाली, आणि आर्क या स्मृतीशी निगडित जनुकाला पीपी७ च्या खुणा लावलेल्या उंदरांच्या मेंदूत ते जनुक केव्हा चालू होते, हे ऊतीत खोलवर पाहू शकणाऱ्या दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने जिवंतपणी पाहता आले. तेथे दिसतो तो प्रामुख्याने केंद्रकातला जनुकाच्या जागेचा ठळक बिंदू, जिथे अनेक आरएनए एकत्र असतात. चेतापेशींच्या बारीक शाखांतून धावणारा एकटा रेणू जिवंत मेंदूच्या खोलीत पाहणे हे काम अजून काचेवरच्या पेशींइतके सुकर झालेले नाही.